आधी तू हात लाव

‘‘आधी तू हात लाव.’’

सर दारातूनच म्हणाले. आत आले नाहीत. त्यांच्या पायात जाड रबरी तळव्याचे सँडल. मी अनवाणी. लॅबमध्ये चपला घालून यायचं नाही, धूळ मशीनमध्ये जाते, असा नियम होता. नियम पोरापोरींना. सरांना नाही.

त्यांनी मेन स्विच वर केला. टेबलांखाली कॉम्प्युटरचे पत्र्याचे डबे ओळीनं मांडलेले. बाकीची बॅच माझ्या मागं व्हरांड्यात उभी. मी वाकले आणि पहिल्या डब्याला उलटा हात लावला. तळहात लावायचा नाही. करंट असला तर मूठ आवळते आणि माणूस चिकटून बसतो. उलटा लावला की हात मागं फेकला जातो. हे सरांनीच शिकवलेलं. त्या क्लासात मला मिळालेलं पहिलं ज्ञान ते.

पहिल्या डब्याला नुसत्या मुंग्या आल्या. दुसऱ्याला काहीच नाही. तिसऱ्याला हात लावला आणि थेट खांद्यापर्यंत सणक गेली. ‘अगं माय’ म्हणून मी मागं आदळले, खुर्चीवर, खुर्चीसकट फरशीवर. ओढणी एकीकडं, मी एकीकडं.

व्हरांड्यात हशा पिकला.

‘‘तीन नंबरला करंट आहे,’’ सर म्हणाले. ‘‘त्याच्यावर कुणी बसू नका रे.’’

झालं. एवढंच. लागलं का, ऊठ, जरा बस, काही नाही. पोरं आत आली आणि आपापल्या जागेवर बसली. मी ओढणी सावरत उठले. आणि हसले. सगळे हसत होते म्हणून मी पण हसले. खांदा दोन दिवस ठणकत होता.

मी चाकूर तालुक्यातली. गावाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती, वस्तीच्या तोंडाशी पंचशील झेंडा. बाप लातूरच्या मार्केट यार्डात हमाल. माय रोजानं शेतात जायची. बारावी झाल्यावर मी एसटीचा पास काढला आणि लातूरला कॉम्प्युटरच्या कोर्सला नाव घातलं. योजना सरकारची, क्लास खाजगी. मशीन खोलायचं, जोडायचं, विंडोज टाकायचं, नेटवर्कची वायर ओढायची. आणि फोनवर समोरच्या वैतागलेल्या माणसाचं नीट ऐकून घेऊन त्याचं मशीन चालू करून द्यायचं. टेक्निकल सपोर्ट म्हणतात त्याला. मला ते नावच लई आवडलं होतं. आमच्या वस्तीत असलं काम कुणी ऐकलं पण नव्हतं.

पहिल्या दिवशी सरांनी भाषण ठोकलं. ‘‘उदगीर जिल्हा होणार. आज ना उद्या होणारच. मग कलेक्टर ऑफिस आलं, कोर्ट आलं, झेडपी आली. टेबल तिथं कॉम्प्युटर, अन् कॉम्प्युटर तिथं तुम्ही.’’ एसटीत पण रोज हीच चर्चा. कोणता तालुका तिकडं जाणार, कोणता इकडं राहणार, यावरून म्हातारी माणसं हमरीतुमरीवर यायची. मी खिडकीशी बसून नव्या जिल्ह्याच्या नव्या कचेरीत माझं टेबल कुठं असंल ते ठरवायचे. हसू नका. मी खरंच ठरवायचे.

वर्ष दुष्काळाचं होतं. लातूरचे नळ कोरडे. लोकांनी आपल्या टाक्यांना कुलपं घातलेली. टँकर आला की गल्लीत मारामाऱ्या. मार्केट यार्डात माल नाही, म्हणून बापाला हमाली नाही. शेतात काही उगवलं नाही, म्हणून मायला रोज नाही. घरात एकच आशा होती, माझा कोर्स. पोरगी नोकरीला लागंल. बाप येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगत सुटायचा.

आता करंटचं सांगते. क्लासच्या मागच्या भिंतीशी अर्थिंगचा खड्डा होता. त्यात मीठ-कोळसा घालून तांब्याची पट्टी पुरलेली. मशीनमधला नको असलेला करंट त्या वाटेनं जमिनीत उतरतो. पण त्यासाठी जमीन ओली लागते. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात रोज बादलीभर पाणी ओतावं लागतं. त्या वर्षी कुणी ओतलं नाही. खड्डा कोरडा ठाक पडला आणि करंट जमिनीत जायचा तो पत्र्याच्या डब्यांवर यायला लागला. कोणत्या डब्यावर आलाय ते रोज सकाळी बघावं लागायचं. ते बघायला मी.

करंट मोजायचा मीटर नव्हता असं नाही. होता. काचेच्या कपाटात, कव्हरसकट, कुलपात. ‘‘महागाची वस्तू आहे, पोरांच्या हातात द्यायची नाही,’’ सर म्हणायचे. टेस्टर पण होता त्याच कपाटात. ‘‘टेस्टरचं काही खरं नाही, नुसता लाल दिवा लागतो. हाताला बरोबर कळतं.’’ हाताला म्हणजे माझ्या.

माझी निवड कशी झाली ते पण ऐका. पहिल्या आठवड्यात सरांनी एकेकाला उभं करून आडनाव विचारलं. माझं ऐकलं आणि म्हणाले, ‘‘कुठली गं तू?’’ मी गाव सांगितलं. ‘‘गावात घर आहे का वस्तीवर?’’ मी वस्तीवर म्हणाले. ‘‘बरं बरं, बस.’’ दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे व्हरांड्यात उभे असताना त्यांनी माझ्याकडं बोट केलं. ‘‘तू ये पुढं.’’

आणि मला काय वाटलं? मला वाटलं, मान मिळाला. एवढ्या पोरांत सरांनी मलाच बोलावलं. लॅबचं दार उघडलं की पहिलं पाऊल माझं. मशीनला पहिला हात माझा. माझ्या आज्याला गावात कुणाच्या रांजणाला बोट लावू देत नव्हते, आणि मी बघा, कॉम्प्युटरला सगळ्यांच्या आधी हात लावते. मी एसटीतून उतरून पळत जायचे. उशीर झाला तर दुसऱ्या कुणाला सांगतील, ही भीती.

दुसऱ्या कुणाला कधीच सांगितलं नाही. मी तापानं घरी राहिले त्या दिवशी लॅबच बंद ठेवली होती. हे मला नंतर कळलं.

ज्या दिवशी मी खुर्चीसकट पडले, त्या दिवशी संध्याकाळी वस्तीवर टँकर येणार होता. घागरी रांगेत लावून मी आणि माय जवळच बसलो होतो. मी खांदा दाबत होते.

‘‘खांदा कामून चोळायलीस?’’ मायनं विचारलं.

मी ऐटीत सांगितलं. सगळं सांगितलं. ‘‘मशीनला आधी मीच हात लावते. माझ्याबिगर लॅब चालूच होत न्हाई. आज जरा जोराचा झटका बसला, एवढंच.’’

मायनं रांगेतली घागर पुढं सरकवली. मग म्हणाली, ‘‘अन् बाकीच्याईचे हात कुठं असतेत तवा?’’

बाकीच्यांचे हात. एखाद्याचे खिशात. एखादीचे मोबाईलवर. सरांचे कमरेवर. सगळं डोळ्यासमोर उभं राहिलं. इतके दिवस मी त्यांच्याकडं पाठ करून वाकत होते, मला दिसलंच नव्हतं.

माय हळू आवाजात बोलायला लागली. हे तिनं मला आधी कधी सांगितलं नव्हतं. ‘‘मालकाच्या कडब्याच्या गंजीला पयला हात माझा असायचा. पयली पेंढी मी उपसायची, मग बाकीच्या बाया यायच्या. त्याच्यात इंचू-किरडू असतंय ना. मला वाटायचं, मालक मलाच सांगतो म्हंजे माझ्यावर इश्वास हाय. लई दिस वाटायचं. मग एक डाव इंचवानं डसलं. मी गडाबडा लोळायले, अन् मालक काय म्हनला? बरं झालं, दुसऱ्या कुनाला न्हाई डसलं.’’

तेवढ्यात टँकर आला आणि ती घागर घेऊन उठली. मी बसूनच राहिले. माझ्या कानशिलात आग आग होत होती. झटका सकाळी बसला होता, पण तो मला कळला संध्याकाळी. रडू आलं नाही. राग आला. सरांचा आला, त्या हसणाऱ्या पोरांचा आला, माझ्या पळत जाण्याचा आला. मायलाही तेच वाटलं होतं, मलाही तेच वाटलं. बारावी होऊन, लातूरला जाऊन, मी गंजीतच हात घालून आले होते.

तरी दुसऱ्या दिवशी मी नीट बोलून बघितलं. माणसासारखं. ‘‘सर, खड्ड्यात रोज एक बादली पाणी टाकलं तर डब्यांवर करंट येणार नाही.’’

‘‘अगं बाई, माणसांना प्यायला पाणी नाही. तुला जमिनीला पाजायचंय?’’

पोरं फिदीफिदी हसली. सरांच्या केबिनमध्ये कुलर घरघर करत होता. त्या कुलरला बादल्यांनी पाणी लागायचं. ते आम्हीच भरायचो, हौदातून, पाळीनं. कुलरच्या बादलीला पाळ्या होत्या. आज तू, उद्या तो. त्यात कुणाला माफी नव्हती.

त्याच दिवशी सरांनी सांगितलं, पुण्याची कंपनी पोरं घ्यायला येणार आहे. सपोर्टच्या जागा आहेत. नावं सर देणार, आणि कंपनी त्यांच्यातूनच निवडणार. प्रॅक्टिकलमध्ये माझा हात चांगला होता. ‘‘तुझं नाव टाकलंय,’’ सर म्हणाले. बापाला सांगितलं तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ज्याच्या-त्याच्याजवळ बोलून टाकलं, पोरगी पुण्याला चालली म्हणून.

नाव टाकलंय म्हणून तोवर मी रोज हात लावत राहिले. मग कंपनीची माणसं यायची ती सकाळ. सगळे इस्त्रीचे कपडे घालून व्हरांड्यात. सरांनी मेन स्विच वर केला.

‘‘चल, लाव पटकन. पाहुणे येतील.’’

मी जागची हलले नाही.

‘‘ऐकू नाही आलं का?’’

‘‘आज मी न्हाई लावणार.’’

‘‘का? काय झालं?’’

‘‘सर, रोज मीच का?’’

सर हसले. चिडले असते तर बरं झालं असतं. ते प्रेमानं, लहान लेकराला समजावल्यासारखं हसले. ‘‘अगं, तुमची माणसं काटक असतात. तुम्हाला काय होतंय त्यानं?’’

तुमची माणसं. इतक्या जणांसमोर. कुणी मान खाली घातली नाही, कुणाला काही वावगं वाटलं नाही.

माझ्या शेजारी अंजली उभी होती. हदगावकडची, चांगल्या जमीनजुमल्याच्या घरची. लातूरला होस्टेलवर राहायची. माझी मैत्रीण होती ती. माझ्या डब्यातलं खायची, मी तिच्या. ती माझा दंड धरून म्हणाली, ‘‘लाव की बाई. रोजच तर लावून राहिली. आजच कामून भांडून राहिली?’’

‘‘मग आज तू लाव,’’ मी म्हणाले.

तिनं माझा दंड सोडला. हात ओढणीत गुंडाळून घेतला आणि दुसरीकडं बघायला लागली. सरांच्या बोलण्यानं झालं नाही ते त्या ओढणीनं झालं. माझ्या आतलं उरलंसुरलं भ्यावच गेलं.

‘‘सर, पाळ्या लावा,’’ मी मोठ्यानं बोलले. ‘‘कुलरच्या बादलीला पाळी हाय, तशी ह्याला पण पाळी लावा. आज माझी, उद्या हिची, परवा त्याची. एक दिवस तुमची. सँडल काढून. तुम्ही लावला की माझ्या पाळीला मी न्हाई म्हणणार न्हाई.’’

सरांचं तोंड लालबुंद. ‘‘लई शहाणी झालीस का गं? नाव काढतो तुझं. आत्ताच्या आत्ता काढतो.’’

‘‘काढा.’’

म्हणाले खरं, पण डोळ्यासमोर बाप दिसला. गावभर सांगत फिरणारा बाप. एक क्षण वाटलं, लावावा हात, कितीसा वेळ लागतो. मग मी माझ्या पायांकडं बघितलं. अनवाणी. आणि सरांच्या सँडलांकडं.

मी त्यांच्या केबिनमध्ये शिरले. कुलरजवळ भरलेली बादली होती. उचलली. सर मागं ओरडत होते, ‘‘ए, ए, कुठं चाललीस?’’ मी मागच्या दारानं बाहेर गेले आणि अख्खी बादली त्या खड्ड्यात रिकामी केली. जमिनीनं पाणी असं पिलं की बघता बघता वरचा ओला डागसुद्धा उरला नाही. एका बादलीनं तेवढ्यात काही होत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी ओतली. बादली परत आणून सरांच्या पुढ्यात ठेवली.

‘‘आता ज्याला लावायचाय त्यानं लावा.’’

कुणीच लावला नाही. कंपनीची माणसं आली तेव्हा लॅब बंद होती. सरांनी मेन स्विच खाली ओढला आणि लाइटचा प्रॉब्लेम आहे असं सांगितलं. केबिनमध्ये बसून तोंडी मुलाखती झाल्या. एकेकाचं नाव पुकारलं. माझं पुकारलं नाही. मी व्हरांड्यात बसून होते. शेवटचा पोरगा बाहेर आला तशी मी आत गेले.

‘‘साहेब, माझं नाव यादीत होतं. सरांनी आज सकाळी काढलं. का काढलं ते सांगते, मग माझी परीक्षा घ्या.’’

आणि सांगितलं. सरांच्या समोर, त्यांच्या तोंडाकडं बघत. कंपनीचा माणूस तरुण होता, गळ्यात ओळखपत्र, बोलणं मऊ. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘‘हा तुमच्या संस्थेचा अंतर्गत प्रश्न आहे. आम्हाला दिलेल्या नावांनाच आम्ही भेटू शकतो. सॉरी हं.’’ आणि लॅपटॉप मिटला. असली मऊ माणसं मी नंतर लई बघितली. त्यांच्या मऊपणानं कुणाच्या अंगावरचा झटका चुकला, असं काही मला दिसलं नाही.

अंजलीची निवड झाली. तिनं माझ्यासमोर पेढा धरला. मी घेतला नाही.

घरी बाप पिसाळला. ‘‘हात लावल्यानं झिजली असतीस काय गं? मी जलमभर लोकाची पोती पाठीवर घेतली, मी मेलो का? उद्या मी येतो संगं. पाया पडू सरायच्या, नाव घालून घेऊ परत.’’

‘‘तुमी त्याच्या पाया पडलात तर मी ह्या घरात राहणार न्हाई.’’

बाप माझ्या अंगावर धावून आला. माय मधी उभी राहिली. ‘‘माझ्या पोरीनं गंजीत हात घालायचा सोडला. बसा गप.’’ बापाला त्यातलं काही कळलं नाही, पण मायचा तसला आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला. डोक्याला हात लावून रडला. त्याचं मला आजही वाईट वाटतं. पण तेव्हाही मी क्लासला जाणार नाही असं म्हटलं नाही, आणि माफी मागणार असंही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर. सर म्हणाले, ‘‘तू कशाला आलीस आता?’’

‘‘शिकायला. सीट सरकारनं दिलीय, तुम्ही न्हाई.’’

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग पोरांकडं बघितलं. कुणाला तरी पुढं बोलावतील असं मला वाटलं. नाही बोलावलं. खिशातून किल्ली काढली, काचेचं कपाट उघडलं आणि टेस्टर घेतला. स्वतः आत गेले. एकेका डब्याला टेकवला. तिसऱ्याला लाल दिवा लागला. तिसऱ्याची वायर उपसली. ‘‘या रे आत.’’ झालं काम. पापणी लवायच्या आत झालं. दुपारी बघते तर खड्ड्याजवळची माती ओली.

इतकं सोपं होतं. किल्ली खिशात होती, पाणी हौदात होतं. माझा हात फुकट मिळत होता तोवर दोन्हीची गरज पडली नव्हती. ते बघून मला जो संताप आला तो झटका बसल्यावरही आला नव्हता. मला बरं वाटायला पाहिजे होतं का? मी जिंकले असं वाटायला पाहिजे होतं? नाही वाटलं. रोज सकाळी मी जे सोसलं ते कुणाला दुसरा इलाजच नव्हता म्हणून नाही सोसलं, एवढं मात्र कायमचं कळलं.

कोर्स संपेपर्यंत माझ्याशी कुणी बोललं नाही. मी एकटी बसायचे, एकटीच मशीन खोलायचे. पास झाले. मग नांदेडला जाऊन दुकानं पालथी घातली, दारोदार विचारलं. कुणी आडनाव ऐकून नाही म्हटलं, कुणी बाईमाणूस म्हणून नाही म्हटलं. शेवटी एका ऑफिसात कंत्राटावर लागले. अजून कंत्राटच आहे. लोकांची बिघडलेली मशीन चालू करून देते. हे गोड शेवट म्हणून सांगत नाही. जी जागा माझी होती ती गेली, आणि ती कुणी परत दिली नाही. उदगीरचा जिल्हा पण अजून झालेला नाही.

सरांचा क्लास मात्र चालू आहे. आता दोन मजली झालाय. चाकूरकडची, हदगावकडची, गावाबाहेरच्या वस्त्यांवरची पोरं-पोरी अजून तिथंच येतात, बापाचं कौतुक आणि एसटीचा पास घेऊन. म्हणून नवी बॅच सुरू झाली की मी रजा टाकते आणि लातूरला जाते. क्लासच्या फाटकाबाहेर उभी राहते. रस्ता सरांच्या बापाचा नाही. बाहेर येणाऱ्या पोरीला थांबवते. सरळ विचारते, ‘‘तुला रोज एकटीलाच कोणतं काम सांगतात? दुसऱ्या कुणाला सांगतात का?’’ काही जणी हसून निघून जातात. काही जणी थांबतात. ज्या थांबतात त्यांना मी माझं सगळं सांगते, नावासकट, जागेसकट.

मागच्या खेपेला सर स्वतः फाटकापर्यंत आले. केस पांढरे झालेत. म्हणाले, ‘‘हे बंद कर. नाहीतर पोलिसात देईन.’’

द्या म्हटलं. तिथं साहेबासमोर पण हेच सांगीन, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आणि सुटले की पुढच्या बॅचला परत येईन.